साभार पोच की परीक्षण? : बंदूक-मासिकांच्या विश्वासार्हतेचा शोध

१८७८ या एकाच वर्षी लॉर्ड लिटनच्या सरकारने हिंदुस्थानासाठी दोन कायदे केले. नवव्या क्रमांकाच्या कायद्याने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांना वेसण घातली आणि अकराव्या क्रमांकाच्या कायद्याने शस्त्रांना. पहिला कायदा चार वर्षांत गेला. दुसरा मात्र स्वातंत्र्यानंतरही टिकला आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याने त्याची जागा घेतली. म्हणजे छापील शब्द लवकर सुटला, बंदूक कुलुपातच राहिली. परिणाम असा की पुस्तकाची पारख करणारी मोठी परंपरा मराठीत उभी राहिली. ‘विविधज्ञानविस्तार’, ‘निबंधमाला’ ही त्यातली सुरुवातीची नावे. बंदुकीची पारख करणारे नियतकालिक मात्र मराठीत रुजले नाही. आपल्याकडे शिकारकथा आहेत, पोवाड्यांत तोफा आहेत. पण अमुक बंदूक घेण्याजोगी आहे काय, या प्रश्नाचे छापील उत्तर आपण नेहमी इंग्रजीतूनच घेतले.

ते उत्तर कितपत विश्वासार्ह असते, हा या लेखाचा विषय. वाङ्मयीन अंकाच्या वाचकाला तो परका वाटेल. पण ‘परीक्षण’ हा लेखनप्रकार आपल्या रोजच्या व्यवहारातला आहे आणि त्याचे गुणदोष बंदुकीच्या बाबतीत फार स्पष्ट दिसतात. वाईट कादंबरीला चांगली म्हटले तर वाचकाचे काही रुपये आणि दोन संध्याकाळी जातात. वाईट नळीला चांगली म्हटले तर हात जाऊ शकतो.

कोकणातला ग्राहक

बंदूक म्हणजे अमेरिका, असे समजण्याचे कारण नाही. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत रानडुकरे आणि वानरे यांनी जेरीस आलेल्या शेतकऱ्यांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आजही सापडते. १९५९ च्या कायद्याच्या तेराव्या कलमातच तिचा वेगळा उल्लेख आहे : खऱ्याखुऱ्या शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक. निवडणूक आली की ही हत्यारे पोलीस ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर परत येतात. रेवसपासून अलिबागकडे आणि पुढे दक्षिणेला जाताना वाटेतल्या गावांतून अशा बंदुकांच्या गोष्टी ऐकायला मिळतात.

या ग्राहकाला सल्ला कोण देतो? दुकानदार, गावातला जुना परवानाधारक आणि बापाकडून आलेला अनुभव. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकासाठी परदेशी बंदुकांची आयात जवळजवळ बंदच आहे. सवलत आहे ती नावाजलेल्या नेमबाजांना. त्यामुळे निवड मोजकी, आणि निवड मोजकी असली की परीक्षणाची गरज कोणाला भासत नाही. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ हे स्त्रियांसाठीचे म्हणून रिव्हॉल्व्हर आणले. वजन ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या आसपास, शिवाय दागिन्यांच्या डबीसारखी डबी. बातम्यांतून हाच तपशील फिरत राहिला. नावावर वाद झाला, किमतीवर झाला, बंदुकीने स्त्री सुरक्षित होते का यावरही झाला. हजार बार काढल्यावर त्या हत्याराचे काय होते, हा प्रश्न त्या चर्चेत मागेच राहिला. ज्याला आपण माहिती म्हणून वाचले ते बहुतांशी कारखान्याचे निवेदन होते.

एका संपादकाचा हात

बंदुकीच्या परीक्षणाची सुरुवात मात्र अशी नव्हती. लंडनचे ‘द फील्ड’ हे १८५३ साली सुरू झालेले नियतकालिक. त्याचे संपादकपद १८५७ च्या अखेरीस जॉन हेन्री वॉल्श यांच्याकडे आले. हा गृहस्थ पेशाने शल्यविशारद. विम्बल्डनचा जो क्लब पुढे टेनिसने जगप्रसिद्ध झाला, त्याच्या स्थापनेतही याचा हात होता. पण तो हात पूर्ण नव्हता. बंदूक फुटून त्याच्या डाव्या हाताचा काही भाग गेला होता. बंदुकीच्या गुणवत्तेविषयी लिहिताना या माणसाला उपमांची गरज नव्हती.

त्या काळी वाद होता जुन्या ठासणीच्या बंदुका चांगल्या की मागून काडतूस घालायच्या नव्या. कारागीर आपापल्या मालाची तारीफ करीत, ग्राहक पत्रे लिहून भांडत. वॉल्शने भांडण मैदानात नेले. एप्रिल १८५८ मध्ये लंडनच्या क्रेमॉर्न बागेलगत आणि जुलै १८५९ मध्ये हॉर्न्सी येथे खुल्या चाचण्या झाल्या. पुढे १८६६ आणि १८७५ सालीही झाल्या. निर्माते स्वतः हजर, प्रतिस्पर्धी शेजारी उभा, ठरलेल्या अंतरावर लक्ष्य, छर्रे किती लागले आणि किती खोल गेले याची मोजदाद, आणि आकडे नावानिशी छापलेले. पहिल्या चाचणीत जुन्या ठासणीच्या बंदुका वरचढ ठरल्या. नव्याचे कौतुक करण्याचा मोह असताना हा निकाल छापला गेला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१८७५ ची चाचणी आणखी बोलकी. बर्मिंगहॅमचा कारागीर डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर याचे म्हणणे असे की नळीचे तोंड किंचित आवळले तर छर्रे फार दाट पडतात. सहजी पटावा असा हा दावा नव्हता. तो खुल्या मैदानात तपासला गेला आणि ग्रीनर जिंकला. पुढे १८८१ मध्ये निघालेल्या आपल्या जाडजूड ग्रंथात त्याने हे यश मिरवले. मिरवावेच, कारण ते मिळवलेले होते. येथे जाहिरात परीक्षणाच्या मागून आली. आज क्रम बहुधा उलटा असतो.

यापेक्षाही जुनी आणि कडक व्यवस्था होती ती ‘प्रूफ’ची. लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ साली संसदेच्या कायद्याने उभे राहिले. बंदुकीत नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून बार काढायचा; टिकली तर शिक्का, फुटली तर कारागिराचे नुकसान. बर्मिंगहॅमच्या व्यापाऱ्यांनी हे चाचणीगृह स्वतः मागून आणि पदरचा पैसा घालून उभारले. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या दोन इंग्रजी तोफा पुष्कळांनी पाहिल्या असतील. त्यांच्यावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव आणि १८४९ हे साल वाचता येते. निर्मात्याचे नाव आणि चाचणीचा शिक्का या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव सांगते हे कोणी केले. शिक्का सांगतो की करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी ते पारखले.

आपल्याकडचा दाखलाही आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याविषयी सूचना आहेत. ठरावीक दिवसांनी हवालदाराने स्वतः यावे, दारू, बाण बाहेर काढून उन्हे द्यावीत आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे, असा त्यांचा आशय. एकदा पाहिले आणि संपले, असे तेथे नाही. कोकणच्या दमट हवेत दारू गेल्या महिन्यात चांगली होती, याला अर्थ नसतो. एकदाच केलेल्या परीक्षणाची मर्यादा अमात्यांना तीनशे वर्षांपूर्वी ठाऊक होती.

आजचे परीक्षण कसे वाचावे

फोर्टातल्या पदपथावर जुनी अमेरिकन बंदूक-मासिके मिळत. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने माझ्याकडे आलेले असे अंक बरेच आहेत. ते वाचताना प्रथम जाणवते ती त्यांची घडण. आरंभी कारखान्याचा इतिहास, मग नव्या मॉडेलची वैशिष्ट्ये, ती बहुधा कारखान्याच्याच शब्दांत. मग मैदानावरचा दिवस, नेमाचे कोष्टक, एखादी किरकोळ तक्रार आणि शेवटी शिफारस. तक्रार बहुधा चाप जरा जड असल्याची किंवा मुठीचा रंग न आवडल्याची. हत्यार अडकले तर दोष काडतुसाचा, किंवा ‘नवे आहे, रुळेल’. साफ नापसंती क्वचितच. नापास हत्याराचा लेख छापण्यापेक्षा तो न छापणे संपादकाला सोयीचे असते. त्यामुळे प्रत्येक लेख सुटा वाचला तर खरा वाटतो. खोटेपणा दिसतो तो वर्षभराचे अंक शेजारी ठेवले म्हणजे. जेथे कोणीच नापास होत नाही, तेथे पास होण्याला किंमत उरत नाही.

दुसरी गोष्ट आकड्यांची. लेखक म्हणतो, ‘२०० बार काढले, एकदाही अडकली नाही.’ वाचकाला वाटते, खात्रीची वस्तू. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा ठोकताळा आहे, ‘तिनाचा नियम’. जितके बार बिनचूक गेले त्या संख्येने ३ ला भागावे. ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की बिघाडाचे प्रमाण त्या उत्तरापेक्षा जास्त नाही. २०० बारांसाठी ते दीड टक्का येते. म्हणजे सरासरी दर ६७ बारांत एकदा अडकणारी बंदूकसुद्धा या परीक्षेत बिनबोभाट पास होऊ शकते. ज्याच्यावर रानडुक्कर चालून येत आहे, त्याने दीड टक्क्याचा हिशेब मनात ठेवावा. शिवाय हे एका नगाविषयी झाले. दुसऱ्या नगाविषयी लेख काहीच सांगत नाही.

नेमाचेही तसेच. तीन गोळ्या झाडून पडलेल्या भोकांतले कमाल अंतर मोजायचे, हा मासिकांचा आवडता प्रकार. पण गोळ्या वाढल्या की झुबका पसरतो. त्याच बंदुकीचा, त्याच हाताचा दहा गोळ्यांचा झुबका तीन गोळ्यांच्या झुबक्याच्या सरासरीने दीडपटीहून मोठा येतो. तिनांचे अनेक झुबके काढून त्यातला सर्वांत लहान छापला, तर कोणतीही बंदूक अचूक दिसते.

येथे न्यायाने एक नोंद केली पाहिजे. ‘अमेरिकन रायफलमन’ हे अमेरिकेतल्या बंदूकधारकांच्या सर्वांत बलाढ्य संघटनेचे मुखपत्र. त्यात जाहिराती भरपूर. तरीही त्याच्या परीक्षण-सदरात लागोपाठ पाच झुबके, प्रत्येकी पाच गोळ्यांचे, आणि त्यातला लहान, मोठा व सरासरी असे तिन्ही आकडे देण्याची रीत आहे. मोठा झुबका छापणे ही छोटी पण प्रामाणिक गोष्ट. याचा अर्थ असा की मासिकाला एकाच शब्दात विश्वासू किंवा लबाड ठरवता येत नाही. एकाच पानावरचे कोष्टक भरवशाचे आणि विशेषणे बेभरवशाची असू शकतात. वाचकाने दोन्ही वेगवेगळी तोलावीत.

पैसा कोणाचा

जाहिरातदाराची सत्ता एरवी दिसत नाही. ती दिसली २०१३ साली. ‘गन्स अँड ॲमो’ या मोठ्या मासिकाच्या डिसेंबरच्या अंकात डिक मेटकाफ या जुन्या, नामवंत परीक्षकाने एक सदर लिहिले. घटनेने दिलेल्या प्रत्येक हक्काला काही नियमन असतेच आणि शस्त्र बाळगण्याआधी थोडे प्रशिक्षण सक्तीचे असले तर बिघडत नाही, इतपतच त्याचे म्हणणे. वाचक खवळले. दोन मोठ्या शस्त्रनिर्मात्यांनी प्रकाशकाला व्यवहार थांबवण्याचा इशारा दिल्याचे मेटकाफ यांनी नंतर सांगितले. त्यांचे सदर गेले आणि संपादक जिम बेकेट माफी मागून पायउतार झाले. त्याआधी २००७ मध्ये जिम झुम्बो या शिकारलेखकाने शिकारीसाठी लष्करी धाटणीच्या रायफली नकोत असे लिहिले, आणि आयुष्यभराची कमाई काही दिवसांत गमावली. रेमिंग्टनसारख्या पुरस्कर्त्याने संबंध तोडले.

या दोघांनी एकाही बंदुकीला वाईट म्हटले नव्हते. त्यांनी मत दिले होते. मतासाठी ही शिक्षा, तर विशिष्ट कंपनीचे विशिष्ट मॉडेल सदोष आहे असे लिहिणाऱ्याचे काय होईल, हे बाकीच्यांना कोणी समजावून सांगावे लागले नसेल. आणखी एक गोष्ट यातून दिसते. दबाव जाहिरातदाराचा होता तसा वाचकाचाही होता. आपल्या निवडीचे कौतुक ऐकायला जो वर्गणी भरतो, त्यालाही खरे परीक्षण नको असते.

जे परीक्षणांना दिसले नाही

रेमिंग्टन ७०० ही १९६२ साली बाजारात आलेली, लाखोंनी खपलेली रायफल. चाप न ओढता तिचा बार उडतो अशा तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या. माणसे जखमी झाली, दगावली. तिच्या चापाची रचना करणारे माइक वॉकर यांनी मूळ रचनेत अधिक सुरक्षित बदल १९४० च्या दशकातच सुचवला होता, हे पुढे कागदपत्रांतून उघड झाले. ही कहाणी लोकांसमोर आली ती न्यायालयांतून आणि २०१० च्या एका दूरचित्रवाणी-माहितीपटातून. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण सामुदायिक दाव्यातल्या तडजोडीत सुमारे ७५ लाख बंदुकांचे चाप बदलून देण्याची तयारी दाखवावी लागली. या सगळ्या काळात ही रायफल मासिकांची लाडकी होती.

२०१७ चे उदाहरण वेगळे. सिग सावर कंपनीचे पी-३२० पिस्तूल त्या वर्षी जानेवारीत अमेरिकन लष्कराने स्वीकारले. ऑगस्टमध्ये एका बंदूक-विक्रेत्याने ते निरनिराळ्या कोनांतून जमिनीवर पाडून पाहिले. मागच्या बाजूवर विशिष्ट कोनात पडले की बार उडू शकतो, असे दिसले. प्रचलित मानके पूर्ण केल्याचे कंपनीने सांगितले आणि ऐच्छिक सुधारणाही जाहीर केली. परीक्षकांनी ते पिस्तूल आधी पाहिले नव्हते असे नाही. पण त्यांनी ते झाडून पाहिले, पाडून पाहिले नाही. वस्तू नीट वापरली तर कशी वागते हे परीक्षणात येते. माणसाच्या हातून ती निसटली तर काय होते, हे येत नाही.

अमेरिकेत हे अधिक गंभीर ठरते, कारण १९७२ च्या ग्राहक-वस्तू सुरक्षा कायद्याच्या कक्षेतून बंदुका वगळलेल्या आहेत. पाव भाजायच्या यंत्राला सदोष ठरवणारी सरकारी यंत्रणा बंदुकीला हात लावू शकत नाही. मग ग्राहकाकडे उरते न्यायालय, म्हणजे अपघातानंतरचा उपाय. आणि मासिक, म्हणजे अपघाताआधीचा.

जाहिरात नसली म्हणजे झाले?

तर मग जाहिरातीच घेऊ नयेत, हे साधे उत्तर. अमेरिकेत ‘गन टेस्ट्स’ हे बिनजाहिरातीचे मासिक त्याच तत्त्वावर निघते. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ १९३६ पासून दुकानातून वस्तू विकत आणून तपासते. मुंबईत १९६६ साली स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीनेही ‘कीमत’ हे नियतकालिक ग्राहकाच्या बाजूनेच चालवले. हा मार्ग चांगला, पण पुरेसा नव्हे. जानेवारी २००७ मध्ये ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने तान्ह्या मुलांच्या मोटारीतल्या आसनांचा अहवाल छापला आणि बहुतेक आसने नापास केली. सरकारी यंत्रणेने तपासले तेव्हा आढळले की बाजूने धडकेची चाचणी सांगितलेल्यापेक्षा कितीतरी जास्त वेगाने झाली होती. अहवाल दोन आठवड्यांत मागे घेण्यात आला.

माझ्या मते या फजितीने त्या नियतकालिकाची पत वाढायला हवी. पद्धत उघडपणे सांगितलेली असल्यामुळेच चूक दुसऱ्याला सापडली, आणि सापडल्यावर ती कबूल झाली. बंदूक-मासिकांबद्दल माझी मुख्य तक्रार येथे आहे. जाहिराती घेतात ही नाही, चुकतात ही तर नाहीच. ती मागे वळून पाहत नाहीत ही आहे. ज्या पिस्तुलाची शिफारस केली त्यात पुढे दोष निघाला, तर आपण काय लिहिले होते आणि का दिसले नाही, हे सांगणारा लेख क्वचितच येतो. नव्या अंकात नवी बंदूक असते.

ज्यांचे खरोखर पणाला लागलेले असते, ते लोक काय करतात हे पाहावे. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. या दर्जाच्या नेमबाजीत काडतुसे परीक्षणे वाचून घेत नाहीत. रायफलची नळी शिकंज्यात घट्ट धरून कारखान्याच्या एकेका उत्पादन-लॉटमधली काडतुसे त्याच नळीतून झाडतात, आणि जो लॉट जुळेल तोच घेतात. सर्वांसाठी चांगली वस्तू असे काही तेथे नसते. या नळीसाठी चांगली, एवढेच असते.

आपल्या अंकापर्यंत

मासिकावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवण्यासाठी वरील विवेचनातून काही प्रश्न हाती लागतात. नमुना कोठून आला : कारखान्याने निवडून पाठवला, की दुकानातून आणला? किती नग, किती बार, आणि वाईट आकडाही छापला का? गेल्या वर्षभरात कोणी नापास झाले का? आणि शिफारशीनंतर दोष निघाला तेव्हा मासिक परत त्या विषयाकडे आले का? शेवटचा प्रश्न मी सर्वांत वजनदार मानतो, कारण बाकीच्यांची उत्तरे सजवता येतात.

आता हे प्रश्न मराठी नियतकालिकांना विचारून पाहू. परीक्षणासाठी पुस्तकाच्या दोन प्रती पाठवाव्यात, ही आपली जुनी सूचना. म्हणजे नमुना प्रकाशकाने पाठवलेला. आलेल्या पुस्तकांची यादी ‘साभार पोच’ या सदरात देण्याची सभ्य प्रथाही आपली. तिच्यात लबाडी नाही, कारण ती मत देण्याचा आव आणत नाही. बंदूक-मासिकांतले बरेचसे लेख हे लांबवलेले साभार पोचच असतात; फरक इतकाच की त्यांच्यावर ‘परीक्षण’ अशी पाटी असते. आपल्याकडे ती पाटी कितीदा अशीच लागते, हे वाचक जाणतात. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा वाढली ती जाहिरातींच्याही आधाराने. त्यात कमीपणा नाही. ग्रीनरनेही जाहिराती दिल्या होत्या.

२०२२ मध्ये केंद्र सरकारने दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि शिफारशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. शिफारस करणाऱ्याचा उत्पादकाशी आर्थिक संबंध असेल तर तो जाहीर करावा, असे त्यांत आहे. मासिकांनी कायद्याची वाट पाहू नये. परीक्षणाखाली लहान टायपात दोन ओळी पुरेत : प्रत कोणी दिली, आणि लेखकाचा प्रकाशकाशी काय संबंध आहे. आणि वर्षातून एकदा, दिवाळी अंकातच, गेल्या दहा वर्षांत आपण डोक्यावर घेतलेल्या पुस्तकांपैकी कोणती आता वाचवत नाहीत, यावर एक लेख असावा. त्यासाठी माझी वर्गणी आगाऊ समजावी.